डिस्मल स्वॉम्पची फेरी: ट्रेलरवरच्या छोट्या होडीने ऑक्टोबरमधला जलप्रवास

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर, समुद्राच्या आतल्या अंगाने, खाड्या, नद्या, उथळ उपसागर आणि माणसाने खणलेले कालवे जोडत एक जलमार्ग जातो. त्याचे नाव इन्ट्राकोस्टल वॉटरवे. व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात त्याचा शून्य मैल धरतात आणि तिथून मायामीपर्यंत तो सुमारे १,०९० मैलांचा भरतो. ऑक्टोबर लागला की उत्तरेकडच्या मोठ्या नौका थंडी चुकवण्यासाठी याच वाटेने फ्लोरिडाकडे निघतात. हा लेख त्या नौकांच्या मालकांसाठी नाही. ज्यांच्याकडे अठरा ते चोवीस फुटांची, गाडीमागे ओढून नेता येणारी होडी आहे, नोकरीतून आठवडाभराची रजा मिळू शकते, आणि ज्यांनी आजवर ती होडी फक्त तलावात चालवली आहे, त्यांच्यासाठी आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहराजवळ राहतो. माझे लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेले, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. पण भीती नसणे आणि माहिती असणे यांत केवढे अंतर आहे, ते पहिल्याच वर्षी कळले. पत्नी आणि मी ही फेरी आता तीनदा केली आहे. तेवढ्या अनुभवावर जे सांगता येते तेवढेच पुढे लिहिले आहे.

१. आधी मार्ग ठरवा, तोही गोल

छोट्या होडीच्या प्रवासातला सर्वांत कंटाळवाणा प्रश्न असा की होडी एकीकडे पोहोचते आणि गाडी व ट्रेलर दुसरीकडे राहतात. म्हणून नवख्याने सरळ रेषेतला मार्ग घेऊ नये. नॉर्थ कॅरोलिनाच्या ईशान्य कोपऱ्यात एक फेरी अशी आहे की जिथून निघाल तिथेच परत याल. एलिझाबेथ सिटीहून पास्क्वोटँक नदीने वर जायचे, डिस्मल स्वॉम्प नावाच्या दलदलीतल्या कालव्यातून व्हर्जिनियात शिरायचे, एलिझाबेथ नदीच्या दक्षिण फाट्यावर वळून ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून होडी वर-खाली करणारा दरवाजांचा हौद) दुसऱ्या कालव्यात यायचे, तिथून नॉर्थ लँडिंग नदी, करिटक साउंड (साउंड म्हणजे उथळ उपसागर), कॉइनजॉक आणि नॉर्थ नदी करत अल्बेमार्ल साउंडमध्ये उतरायचे, आणि पश्चिमेला वळून पुन्हा पास्क्वोटँकमध्ये शिरायचे. एकूण अंतर सव्वाशे मैलांच्या आसपास होते. चार दिवसांत होते, पण सहा दिवस हाताशी ठेवा. ते दोन जादा दिवस कशासाठी, हे आठव्या टप्प्यात येईल.

या जलमार्गावरची अंतरे रस्त्यावरच्या मैलांत, म्हणजे १.६ किलोमीटरच्या मैलांत मोजतात. सागरी मैल १.८५ किलोमीटरचा असतो. तुमचे जीपीएस यंत्र बहुधा सागरी मैलावर लावलेले असेल. ते घरीच बदलून घ्या, नाहीतर लॉकच्या वेळेचे गणित चुकते.

निघण्यापूर्वी लॉक आणि कालवा चालू आहे ना, हे ते सांभाळणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या नॉरफोक कार्यालयाकडे विचारून घ्या. २०१६ च्या मॅथ्यू चक्रीवादळानंतर डिस्मल कालवा वर्षभराहून अधिक काळ बंद होता. दुष्काळात पाणी उतरले किंवा दुरुस्ती निघाली तरीही तो बंद ठेवतात. बंद असेल तर निराश होण्याचे कारण नाही. कॉइनजॉकजवळ होडी पाण्यात उतरवून ग्रेट ब्रिजपर्यंत जाऊन परत या.

२. दिवस निवडणे

ऑक्टोबरचा दुसरा आणि तिसरा आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, म्हणून आठवडाभर आधीपासून हवामानखात्याचा अंदाज पाहत राहावे. पण उन्हाळ्यातले डास आणि चावणाऱ्या पिवळ्या माश्या तोवर बऱ्याच कमी झालेल्या असतात, सायप्रसची पाने तांबूस होऊ लागतात आणि दुपारी अजून ऊब असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. छोट्या होडीने अंधारात चालायचे नाही हा नियम पाळायचा, तर तो गेलेला तास फार जाणवतो.

थंड हवेची लाट येऊन गेली की दोन-तीन दिवस उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तसा एकदाच चार महिन्यांचा बंद इथे नसतो. हे बंद दोन-दोन दिवसांचे, दर आठवड्याला येणारे असतात.

३. होडी, ट्रेलर आणि ओढणारी गाडी

होडीचे वजन म्हणून कागदावर जो आकडा असतो तो रिकाम्या होडीचा असतो. त्यात इंजिन, बॅटऱ्या, ट्रेलर, सामान आणि इंधन मिळवा. पेट्रोल गॅलनला सुमारे सहा पौंड आणि पाणी आठ पौंडांहून थोडे अधिक भरते. आमची एकवीस फुटी होडी विक्रेत्याच्या कागदावर २,४०० पौंडांची होती. वजनकाट्यावर ट्रेलरसह ती ४,१०० भरली. गाडीची ओढण्याची क्षमता या दुसऱ्या आकड्याच्या तुलनेत तपासायची असते. होडीची रुंदी साडेआठ फुटांच्या आत असेल तर रस्त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही.

ट्रेलरची चाके हा या प्रवासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. महामार्गावर तीन तास तापलेले बेअरिंग रॅम्पच्या, म्हणजे होडी उतरवण्याच्या उताराच्या, गार पाण्यात बुडते, आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढले जाते. दोन-चार वेळा असे झाले की ग्रीस दुधाळ दिसू लागते आणि मग एखाद्या दिवशी चाकच निखळते. निघण्यापूर्वी ग्रीस भरून घ्या. दर थांब्यावर चाकाच्या मध्यभागाला तळहात लावून पाहा. हात ठेववत नसेल इतके गरम असेल तर पुढे जाऊ नका. जादा चाक घ्या, आणि गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का ते अंगणातच करून पाहा. आमचा बसत नव्हता.

४. कागदपत्रे आणि सक्तीचे सामान

तटरक्षक दलाचे अधिकारी पाण्यावर कोणत्याही होडीवर चढून तपासणी करू शकतात, त्यासाठी काही संशय असावा लागत नाही. आम्हाला एकदा थांबवले होते. सर्व काही जागेवर असल्याने दहा मिनिटांत सुटलो. पुढील वस्तू एका जलरोधक पिशवीत आणि हाताशी असाव्यात.

– होडीची राज्य नोंदणी, मूळ कागद. होडीच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक व चालू वर्षाचा स्टिकर.
– ट्रेलरची नोंदणी आणि दोन्हींच्या विम्याचे कागद. पाण्यावरून ओढून नेण्याचा खर्च विम्यात येतो का ते वाचून घ्या. येत नसेल तर त्याचे वेगळे वार्षिक सभासदत्व मिळते आणि ते एकदा वापरावे लागले तरी वसूल होते.
– बोट सुरक्षा अभ्यासक्रमाचे कार्ड. नॉर्थ कॅरोलिनात १ जानेवारी १९८८ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना १० अश्वशक्ती किंवा अधिक इंजिनासाठी ते लागते. व्हर्जिनियात मात्र वयाची सूट नाही. ही फेरी दोन्ही राज्यांत असल्याने हे कार्ड प्रत्येकाने काढावेच.
– अमेरिकेचे नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड, अथवा व्हिसावर असल्यास आय-९४ (देशात प्रवेशाच्या नोंदीचा कागद) आणि पासपोर्ट. हे कायद्याने नेहमीच जवळ असावे लागते, पण लोक होडीवर जाताना घरी ठेवतात.
– प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट. तेरा वर्षांखालील मुलांनी चालत्या होडीत ते घातलेलेच हवे. सोळा फूट व त्याहून मोठ्या होडीत फेकण्याजोगे एक तरंगते साधनही लागते.
– अग्निशामक, मुदत न संपलेले. फेकून देण्याच्या प्रकारातले अग्निशामक बनल्यापासून बारा वर्षांनी बाद होते.
– शिटी किंवा भोंगा, दिवे, आणि संकटसूचक फ्लेअर. फ्लेअरची मुदत ४२ महिने असते.
– इंजिन बंद करणारी दोरी. २६ फुटांखालच्या होडीत ती बसवलेली असेल तर वेगात चालताना चालकाने अंगाला अडकवणे एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे.

कायद्याने लागत नाही, पण ज्याच्याशिवाय मी जाणार नाही, असा एक व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे होडीवरून बोलण्याचा बिनतारी संच. अमेरिकेच्याच पाण्यात राहणार असाल तर त्याला परवाना लागत नाही. चॅनल १६ संकटासाठी व हाक मारण्यासाठी, आणि या दोन राज्यांतले पूल व लॉक यांच्याशी बोलण्यासाठी चॅनल १३. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते. पत्नीने वाक्य कागदावर लिहून काचेला चिकटवले होते: पुलाचे नाव, होडीचे नाव, कोणत्या दिशेने येत आहोत आणि काय हवे आहे. आजही तो कागद तिथेच आहे.

तटरक्षक दलाचे स्वयंसेवक होडीची तपासणी फुकट करून देतात आणि त्रुटी असली तरी दंड करत नाहीत. ती सप्टेंबरमध्येच करून घ्यावी.

५. रॅम्पवर

नॉर्थ कॅरोलिनाच्या वन्यजीव आयोगाचे राज्यभरात दोनशेहून अधिक सार्वजनिक रॅम्प आहेत आणि होडी उतरवण्याचे शुल्क नाही. मात्र गाडी व ट्रेलर चार-पाच रात्री ठेवता येईल का, हे प्रत्येक जागी वेगळे असते. फलक वाचा किंवा सरळ एखाद्या मरिनात (होड्या लावण्याच्या धक्क्यावर) पैसे देऊन ठेवा.

उतारावर जाण्याआधी, बाजूच्या मोकळ्या जागेत, सर्व तयारी करायची: मागचे पट्टे सोडणे, दोर बांधणे, सामान चढवणे, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढणे, आणि बूच लावणे. बूच म्हणजे होडीच्या मागच्या तळाशी असलेल्या भोकाचे पितळी बूच. रस्त्यावर असताना आत साठलेले पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून ते काढून ठेवतात. पहिल्या वर्षी मी ते लावायला विसरलो. होडी झोकात पाण्यात गेली, मी गाडी लावून परत आलो, तोवर पत्नीच्या चपला तरंगत होत्या. बूच कुठे होते? गाडीत, पाण्याच्या बाटलीच्या खाचेत. तेव्हापासून ते होडीच्या किल्लीलाच बांधलेले असते, म्हणजे इंजिन सुरू करायला जाताना ते हातात येतेच.

ट्रेलर मागे घेताना हात स्टीअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. ज्या बाजूला हात न्याल त्या बाजूला ट्रेलर वळतो. रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या वाहनतळावर तासभर सराव केलात, तर रॅम्पवर दहा माणसे बघत असताना घाम फुटणार नाही.

६. डिस्मल कालवा: सगळा खेळ लॉकच्या वेळांचा

एलिझाबेथ सिटी ५१ व्या मैलावर आहे. नगरपालिकेच्या धक्क्यावर दोन दिवस फुकट थांबता येते. फ्रेड फिअरिंग आणि ज्यो क्रेमर या दोन रहिवाशांनी १९८३ साली बाहेरून आलेल्या नौकांचे गुलाबाची फुले देऊन स्वागत करण्याची प्रथा सुरू केली आणि त्यामुळे हे छोटे गाव नौकावाल्यांच्या जगात प्रसिद्ध झाले.

गाव सोडून वर निघालात की नदी अरुंद आणि नागमोडी होत जाते. साउथ मिल्सचे लॉक ३३ व्या मैलावर येते आणि डीप क्रीकचे सुमारे साडेदहाव्या. या दोन लॉकच्या मध्ये कालव्याचे पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा साधारण आठ फूट उंच आहे, म्हणजे उत्तरेकडे जाताना साउथ मिल्सला होडी वर चढते आणि डीप क्रीकला खाली उतरते. दोन्ही लॉक दिवसातून चारदाच उघडतात: सकाळी ८:३० आणि ११:००, दुपारी १:३० आणि ३:३०. चार मिनिटे उशीर झाला तर पुढच्या वेळेपर्यंत झाडाला बांधून बसावे लागते. या वेळाही निघण्यापूर्वी एकदा ताडून पाहा.

आता हिशेब करा. लॉकच्या मधले अंतर सुमारे बावीस मैल. लाट न उठवता चालायचे म्हणजे ताशी सहा मैल, म्हणजे पावणेचार तास. सकाळी अकराच्या वेळेला साउथ मिल्स ओलांडून सव्वाअकराला बाहेर पडलात, तर डीप क्रीकला तीन वाजता पोहोचता आणि ३:३० ची वेळ मिळते. पण एकदा एका बुंध्याला पंखा (प्रोपेलर) घासला, अर्धा तास गेला, आणि ३:३५ ला बंद दरवाजासमोर आम्ही उभे! म्हणून माझा सल्ला असा की हा टप्पा एका दिवसात उरकण्याचा प्रयत्नच करू नका. २८ व्या मैलावर राज्याचे स्वागत केंद्र आहे. महामार्ग १७ वरून येणाऱ्या गाड्यांचे आणि कालव्यातून येणाऱ्या होड्यांचे स्वागत एकाच इमारतीत होते. धक्का फुकट आहे, जागा भरली तर आधी आलेल्या नौकेला खेटून बांधायची पद्धत आहे. विचारायचे, आणि आधी आपले फेंडर, म्हणजे होडी घासू नये म्हणून बाजूला लावायच्या गाद्या, लटकवायचे. समोरच्या तीरावर डिस्मल स्वॉम्प स्टेट पार्क असून तिकडे जायला तरंगता पादचारी पूल आहे. तो होड्यांसाठी बाजूला सरकवतात.

लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना फेंडर आणि पुढे-मागे प्रत्येकी तीस-चाळीस फुटांचा दोर तयार हवा. दोर खुंट्याभोवती फिरवून त्याचे टोक हातात धरायचे. गाठ मारायची नाही. पाणी उतरताना गाठ मारलेली होडी भिंतीला टांगली जाते आणि दोर बांधायची होडीवरची खुंटी (क्लीट) उपटून निघते. चढताना पाणी आत घुसते आणि होडीचे तोंड भिंतीपासून दूर फेकले जाते, तेव्हा पुढचा दोर सांभाळणारी व्यक्ती अधिक जागरूक हवी. लॉकसाठी पैसे लागत नाहीत.

कालव्याचे पाणी कोऱ्या चहासारखे असते. झाडांच्या सालीतले आणि कुजलेल्या पानांतले टॅनिन त्यात उतरते. असे पाणी लवकर खराब होत नाही म्हणून जुन्या काळी जहाजांवर पिंपे भरून नेत. वारा पडलेला असला की दोन्ही तीरांची झाडे त्यात इतकी लख्ख उमटतात की होडीपुढे खरे काय आणि प्रतिबिंब काय, हे क्षणभर कळत नाही. हे सौंदर्य पाहताना एक गोष्ट विसरू नये. १७९३ मध्ये सुरू होऊन १८०५ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा कालवा गुलामांनी हाताने खणला आहे, आणि याच दलदलीत पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिले. स्वागत केंद्राजवळ त्याची माहिती लावलेली आहे. तासभर काढून वाचावी.

सापळा एकच, पण मोठा: पाण्याखालचे ओंडके. काळ्या पाण्यात ते दिसत नाहीत. कालव्याच्या मधोमध, हळू चाला, आणि जादा प्रोपेलर व तो बदलण्याचा पाना बरोबर ठेवा. कालव्यात कुठेही इंधन मिळत नाही.

७. ग्रेट ब्रिज आणि पिवळी चिन्हे

डीप क्रीकहून बाहेर पडल्यावर ७.३ मैलाच्या खुणेशी तुम्ही मुख्य नदीला लागता. डावीकडे नॉरफोक. हौस असेल तर युद्धनौका पाहायला जाता येते, पण नौदलाच्या जहाजापासून ५०० यार्डांच्या आत वेग कमीत कमी ठेवावा लागतो आणि १०० यार्डांच्या आत जाण्यास मनाई आहे. आपला मार्ग उजवीकडे.

ग्रेट ब्रिजचे लॉक खूपच सोपे आहे, पातळीतला फरक दोन-तीन फुटांचाच असतो. लॉक आणि पूल यांच्यामध्ये फुकट धक्का आहे. किराणा दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने भाजी, ब्रेड, बर्फ इथेच भरून घ्या, पेट्रोलही. ९ डिसेंबर १७७५ रोजी इथे झालेल्या चकमकीनंतर व्हर्जिनियातल्या ब्रिटिश गव्हर्नरला नॉरफोक सोडावे लागले. त्या लढाईचे संग्रहालय धक्क्याला लागूनच आहे.

पुढचे दोन फिरते पूल, सेंटरव्हिल आणि नॉर्थ लँडिंग, इतके बुटके आहेत की छोट्या होडीलाही ते उघडावे लागतात. मोठ्या नौकांच्या तांड्यासोबत एकाच वेळी निघा.

पुलापुलाच्या मधल्या वेळात चिन्हे वाचण्याची सवय लावून घ्या. जलमार्गाच्या खुणांवर लहानसे पिवळे चिन्ह असते. दक्षिणेकडे जाताना पिवळा त्रिकोण उजवीकडे आणि पिवळा चौकोन डावीकडे ठेवायचा. उत्तरेकडे जाताना याच्या उलट. साधारणपणे त्रिकोण लाल खुणेवर आणि चौकोन हिरव्या खुणेवर असतो, पण जिथे हा मार्ग एखाद्या नदीच्या बंदरमार्गाशी एकरूप होतो तिथे रंग फसवू शकतात. तेव्हा पिवळ्या चिन्हाला प्रमाण माना. फेरीच्या पहिल्या निम्म्या भागात तुम्ही उत्तरेकडे आणि दुसऱ्या निम्म्या भागात दक्षिणेकडे जाता, म्हणजे ७.३ मैलाच्या वळणाशीच मनातला नियम उलटवायचा आहे.

करिटक साउंडमध्ये याची परीक्षा होते. पाणी क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते, पण आखलेल्या मार्गाच्या बाहेर ते कंबरभरच असते. इथे भरती-ओहोटी चंद्रावर चालत नाही, वाऱ्यावर चालते. दक्षिणेचा वारा पाणी आत लोटतो, उत्तरेचा वारा ते बाहेर काढतो. तिथी पाहून उधाणाचा अंदाज बांधणाऱ्या माझ्यासारख्या कोकणी माणसाला हे पचायला वेळ लागला. पहिल्या वर्षी भरतीचे वेळापत्रक छापून नेले होते. ते शेवटी शेगडीखाली अंथरायला उपयोगी पडले.

८. कॉइनजॉक: इथे थांबायला शिका

कॉइनजॉक पन्नासाव्या मैलावर आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकांची इथे रांग लागते, म्हणून धक्क्यावरची जागा दोन दिवस आधी फोन करून राखून ठेवा. इथले भले मोठे गोमांसाचे तुकडे प्रसिद्ध आहेत. शाकाहारी मंडळींना ते कापताना बघण्याचा आनंद घेता येतो आणि बटाटा मिळतो.

खरा विषय आहे पुढचा साउंड. अल्बेमार्ल साउंड पूर्व-पश्चिम पन्नास मैलांहून लांब आहे आणि खोली क्वचितच वीस फुटांवर जाते. एवढ्या लांब पण उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा उंच नसतात, पण उभ्या आणि एकमेकींना चिकटून येतात. होडीला एक लाट चढून उतरायला वेळच मिळत नाही, तोवर दुसरी तोंडावर आदळते. आपल्या फेरीत या साउंडचा उघडा टप्पा आठ-दहा मैलांचाच आहे, उत्तर काठाने पश्चिमेकडे. वारा उत्तरेचा आणि हलका असेल तर काठाचा आडोसा मिळतो. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा असेल तर तोच टप्पा घात करतो.

माझा नियम असा: वाऱ्याचा अंदाज ताशी बारा मैलांच्या वर असेल तर एकवीस फुटी होडीने जायचे नाही, आणि जायचे ते उजाडताना, कारण दुपारी वारा बहुधा वाढतो. दुसऱ्या वर्षी आम्ही कॉइनजॉकला दोन रात्री अडकलो. तिसऱ्या दिवशी सोमवार होता, पत्नीला कामावर रुजू व्हायचे होते, आणि मी म्हणालो, जाऊन तर पाहू. नॉर्थ नदीच्या मुखाशी पहिलीच लाट काचेवरून आत आली आणि पुढच्या केबिनमधली सगळी भांडी खाली. पत्नी शांतपणे म्हणाली, "ट्रेलर आहे ना आपल्याकडे?"

ट्रेलर होताच. रस्त्याने एलिझाबेथ सिटी तासाभराच्या आत आहे. आम्ही वळलो, कॉइनजॉकला होडी बांधली, भाड्याच्या गाडीने जाऊन ट्रेलर घेऊन आलो आणि संध्याकाळी घरी होतो. चाळीस फुटी नौकेच्या मालकाला ही सोय नाही. तुम्हाला आहे, तर ती वापरण्यात कमीपणा मानू नका. निघण्याआधीच फेरीतल्या प्रत्येक टप्प्याजवळचा रॅम्प आणि तिथे गाडी आणण्याचा मार्ग नकाशावर खूण करून ठेवा, म्हणजे थकलेल्या डोक्याने शोधावा लागत नाही.

साउंड पार झाला आणि पास्क्वोटँकच्या मुखात शिरलात की डाव्या तीरावर वीक्सव्हिलचे, फुग्यासारख्या एअरशिप ठेवण्याचे अवाढव्य हँगर दिसते. ते मैलोन्‌मैल दिसत राहते, त्यामुळे पोहोचलो असे समजू नका. एलिझाबेथ सिटी अजून दूर असते. या नदीत खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तरंगते गोळे पसरलेले असतात. मावळतीच्या चकाकीत ते दिसत नाहीत आणि दोर पंख्यात अडकतो.

९. रात्रीचा मुक्काम

नॉर्थ नदीकाठी ब्रॉड क्रीक आणि एलिझाबेथ सिटीच्या वर गोट आयलंड, या नांगरण्यासाठी चांगल्या जागा आहेत. तळ चिखलाचा आहे. खोलीच्या सातपट दोर सोडा, नांगर घट्ट बसेपर्यंत इंजिन हळू मागे चालवा आणि काठावरच्या दोन झाडांची रेष लक्षात ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा पाहा.

रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो. बंद केबिनमध्ये शेगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवर चालणारा सूचक घ्या. स्वयंपाकासाठी प्रेशर कुकर हे होडीवरचे उत्तम भांडे आहे, कारण झाकण बंद असल्याने लाटेने कलंडला तरी खिचडी आत राहते. गॅसचा डबा मात्र उघड्यावर ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असून तळाशी साठतो.

१०. परत ट्रेलरवर

होडी वर ओढली की आधी बूच काढून पाणी जाऊ द्या, मग चढावरून बाजूला या आणि पट्टे आवळा. होडीच्या तळाला, ट्रेलरच्या सांध्यांत आणि प्रोपेलरभोवती अडकलेले गवत तिथेच काढून टाका. हायड्रिला नावाचे पाणगवत या भागात आहे आणि त्याचा बोटभर तुकडाही दुसऱ्या तलावात रुजतो.

घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी इंजिनातून गोडे पाणी दहा मिनिटे फिरवा. एलिझाबेथ नदीचे पाणी खारट असते. चाकांवर नळी धरा, बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरा. टाकीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल उरले असेल तर त्यात स्थिरक (पेट्रोल खराब होऊ न देणारे रसायन) मिसळून इंजिन पाच मिनिटे चालवा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल. गाद्या उभ्या करून ठेवा आणि केबिनचे झाकण बोटभर उघडे राहू द्या, नाहीतर मार्चमध्ये उघडाल तेव्हा बुरशीचा वास येईल.